चार नंबर गुदामातल्या दोन रेघा

माझी आत्या मंदाकिनी कोपरकर १९५२ साली कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीजवळच्या एका तागाच्या गुदामात नोकरीला लागली, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. आजोबा, श्यामराव कोपरकर, तरुणपणी नागपूर सोडून रेल्वेच्या कचेरीत आले आणि कलकत्त्याचेच झाले. आत्या आणि तिचा धाकटा भाऊ दिनकर, म्हणजे माझे वडील, दोघंही बालीगंजमध्ये वाढले. आत्या पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाली. दोनदा ठरत आलेलं लग्न फिसकटलं, तेव्हा तिनं आजोबांना सांगितलं, "आता मुलगे बघू नका, जाहिराती बघा."

वडील सांगत, तिला आधी स्वतःची चूक शोधायची सवय होती. आमटी खारट झाली असली तरी ती आधी आपल्या जिभेवर शंका घ्यायची, मग मिठावर. ऐकायला हा गुण वाटतो. पुढे जे झालं त्यानंतर तिला तो गुण वाटेनासा झाला.

गुदामात तिचं काम एका यंत्राचं होतं. ताग ओला असला आणि थप्पीत दाबून ठेवला की आतल्या आत तापतो. वेळेवर थप्पी उघडली नाही तर एक दिवस पेट घेतो. म्हणून कंपनीनं विलायतेहून हवेची उष्णता आणि दमटपणा नोंदवणारं यंत्र मागवलं होतं. टाइपरायटरपेक्षा थोडी लहान, काचेच्या दाराची पेटी. आत किल्लीवर फिरणारा पितळी ड्रम, त्याच्यावर आठवड्याचा आखलेला कागद. कागदाला टेकलेल्या दोन बारीक निबा. वरची निब धातूच्या एका पट्टीला जोडलेली. पट्टी तापली की वाकते, निब वर जाते. खालची निब माणसाच्या केसांच्या ताणलेल्या जुडीला जोडलेली. हवा दमट झाली की केस लांबतात, कोरडी झाली की आखडतात.

हे यंत्र चार नंबरच्या गुदामात कुठे ठेवायचं, हे ठरवायला तिनं चार दिवस घेतले. मोठ्या दाराशी नको, कारण बाहेरचा वारा लागतो. खिडकीखाली नको, ऊन येतं. शेवटी कचेरीकडच्या लहान दाराच्या आत, छातीच्या उंचीवर एक फळी ठोकून घेतली. तिथे थप्प्यांची हवा येई, पण गाठींचा धक्का लागत नसे. गुदामाचा दरवान रामसुमेर, बिहारमधल्या छपऱ्याकडचा पन्नाशीचा माणूस, फळी ठोकताना म्हणाला, "दीदी, ये पेटी क्या करेगी?"

"हवा का हाल लिखेगी."

"हवा का हाल तो हम भी बता दें," तो हसला.

दर सोमवारी सकाळी ती कागद बदलायची, किल्ली द्यायची, निबांत शाई घालायची आणि वेळेची खूण करायची. मग पडताळा: लाकडी मुठीवर बसवलेले दोन थर्मामीटर, एकाच्या गोळ्याला ओली मलमल. ते खुळखुळ्यासारखे गरागरा फिरवायचे, आकडे वाचायचे, कोष्टकात बघायचे, आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी जुळतो की नाही ते वहीत लिहायचं.

१९५३च्या पावसाळ्यात झुरळांनी यंत्रातले केस कुरतडले. नवी जुडी विलायतेहून यायला सहा महिने लागतील असं एजंटानं कळवलं. आत्यानं महिनाभर डोक्याला तेल लावलं नाही. मग स्वतःच्या केसांतले चाळीस-पन्नास लांब केस कापले, ईथरमध्ये बुडवून त्यांचा तेलकटपणा काढला, ऊर्ध्वपातित पाण्यात धुतले आणि जुडी बांधून यंत्रात ताणली. पंधरा दिवस रोज पडताळा घेतला. यंत्र बरोबर चालत होतं. तरी तिच्या मनात कुठेतरी राहिलंच, की हे घरी केलेलं आहे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला नदीवरून एका बोटीतून कच्च्या तागाच्या गाठी आल्या. बोटीत पाणी शिरलं होतं अशी कुजबुज होती. आत्यानं गुदामाचे मॅनेजर बागचीबाबूंना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "वरच्या गाठी तपासल्या आहेत, कोरड्या आहेत. शनिवारी गिरणीवाले माल उचलणार. चार दिवसांचा तर प्रश्न."

हे सोमवारचं बोलणं. मंगळवारी सकाळी तिनं पेटी उघडली आणि तशीच उभी राहिली.

एरवी त्या दोन रेघा एकमेकींच्या उलट चालत. दुपारी हवा तापली की उष्णतेची रेघ वर, दमटपणाची खाली, पहाटे उलट. वर्षभर तिनं हेच पाहिलं होतं. सोमवार संध्याकाळपासून मात्र दोन्ही रेघा वर चढत होत्या. बाहेर थंडी पडायला लागलेली, हवा कोरडी, आणि गुदामात उष्णता वाढतेय आणि दमटपणाही वाढतोय. याचा एकच अर्थ होता: आत कुठेतरी ताग तापतोय आणि त्यातून वाफ निघतेय.

नाहीतर केस बिघडले होते.

ती कागद न काढता पेटीच उचलून बागचीबाबूंच्या टेबलावर घेऊन गेली. बागचीबाबू हुशार माणूस, बोलायला गोड. तिच्याशी इंग्रजीत बोलत. त्यांनी रेघा पाहिल्या, तिचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही खालची रेघ केसांची ना? तुमच्या केसांची?"

"हो."

"मिस कोपरकर, रागावू नका. विलायती जुडी असताना असं कधी झालं होतं?"

"नाही."

"मग बघा. वरची रेघ नवा माल भरला की थोडी चढतेच. सातशे गाठींची थप्पी मी केसांसाठी उघडू?"

तिनं वाद घातला नाही. पेटी परत फळीवर ठेवली आणि मंगळवारच्या पानावर लिहिलं: "दोन्ही रेघा वर. केसांचा दोष असावा. तपासणे."

बुधवारचा अख्खा दिवस तिनं यंत्रावर घालवला. दर तासाला थर्मामीटर फिरवले. पेटीभोवती ओलं फडकं गुंडाळून दमटपणाची रेघ वर चढते का पाहिलं, मग फडकं काढून ती कितपत उतरते ते पाहिलं. निबेचा सांधा पुसला. आकडे कोष्टकाशी ताडून पाहिले, पुन्हा पाहिले. दुपारी साडेचारला तिची खात्री झाली. यंत्रात दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नव्हता. उष्णता सोमवारपेक्षा पाच अंशांनी वर होती.

ती धावत कचेरीत गेली. बागचीबाबू हेड ऑफिसला गेले होते, परत येणार नव्हते. वहीत तिनं लिहिलं: "यंत्र बरोबर. उद्या सकाळी साहेबांना सांगणे." आणि बस पकडून घरी आली.

गुरुवारी दहा वाजता तिनं सांगितलं. या वेळी बागचीबाबूंनी केसांचा विषय काढला नाही. आकडे दोनदा वाचून म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीनंतर कुली लावतो."

"आत्ता लावता नाही येणार?"

"सगळे धक्क्यावर आहेत. दोन वाजता."

पाऊण वाजता ओरडा झाला. आत्या कचेरीत डबा उघडत होती. लहान दारातून पिवळट धूर येत होता, आणि ती दाराकडे पळाली. आत मधल्या थप्पीच्या मागून ज्वाळा छतापर्यंत गेली होती. फळीवरची पेटी समोरच होती. तिनं पितळी कडी धरून ती ओढली आणि बाहेर अंगणात आली. तळहाताचं कातडं कडीला चिकटलं होतं, हे तिला नंतर कळलं. रामसुमेर मोठ्या दारातून आत-बाहेर करत होता, नावं घेऊन हाका मारत होता.

सगळे कुली बाहेर जेवायला बसले होते. एक नव्हता. लोकनाथ, ओरिसातल्या गंजामकडचा, तिशीचा. थप्पीमागे झोपला होता. बंबवाल्यांनी त्याला चार वाजता बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी रामसुमेरला पकडलं. बागचीबाबूंनी जबानी दिली होती, की पावणेबारा वाजता त्यांनी दरवानाला मोठ्या दाराच्या आत बिडी ओढताना पाहिलं. निष्काळजीपणानं आग लावली, त्यात माणूस मेला, असा गुन्हा. ताग ओला होता आणि आपल्याला दोनदा सांगितलं गेलं होतं, हे त्यांनी जबानीत घेतलं नव्हतं.

त्याच रविवारी बागचीबाबू संदेश मिठाईचा पुडा घेऊन बालीगंजला आले. आजोबांनी त्यांना खुर्ची दिली, माझ्या आईनं चहा केला. आत्या पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून समोर बसली.

"हात कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

"यंत्राचा कागद तुमच्याकडे आहे म्हणतात. कंपनीची वस्तू आहे ती."

"आहे. पोलिसांनी किंवा कोर्टानं मागितला की देईन."

"कोर्ट कशाला मागेल?" ते हळू आवाजात म्हणाले. "आणि मागितलाच, तर मला सांगावं लागेल, की यंत्र बिघडलंय असं तुम्ही स्वतः म्हणाला होतात. मला ते सांगायचं नाही. हेड ऑफिसच्या प्रयोगशाळेत एक जागा निघतेय. तुमच्यासारख्या मुलीनं गोदीत कशाला राबायचं?"

ते गेल्यावर आजोबांनी पुडा उचलून मोलकरणीला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी आत्या आणि माझे वडील रामसुमेरच्या वकिलांकडे गेले. घोषाल नावाचा तरुण वकील, गोदी कामगारांच्या युनियननं दिलेला. त्यानं जळक्या कडांचा तो कागद टेबलावर पसरला, आत्यानं रेघा समजावल्या, आणि त्याचे डोळे चमकले.

"बिडीनं आग लागली असती तर?" त्यानं विचारलं.

"तर या रेघा गुरुवारी दुपारपर्यंत नेहमीसारख्या चालल्या असत्या आणि मग एकदम उडाल्या असत्या. इथे त्या अडीच दिवस चढताहेत."

"झालं. एवढं बास आहे."

आत्यानं पिशवीतून वही काढली. घोषालनं मंगळवारचं पान वाचलं, बुधवारचं वाचलं. मग त्यानं वही मिटून तिच्याकडे सरकवली. "ही घरी ठेवा. कागद पुरे. या वहीत तुम्हीच लिहिलंय, की केसांचा दोष असावा. सरकारी वकील यावरून तुम्हाला फाडून खाईल. आणि शिवाय..." तो थांबला.

"शिवाय काय?"

"शिवाय लोक विचारतील, की तुम्हाला बुधवारी कळलं होतं, तर तुम्ही घरी कशा गेलात?"

संध्याकाळी आत्यानं हे सगळं आजोबांना सांगितलं. जेवताना आजोबा म्हणाले, "वकील सांगतो ते बरोबर आहे. साक्ष दे, मी अडवणार नाही. पण विचारलं नाही ते सांगू नकोस. स्वतःच्या हातानं स्वतःला कशाला अडकवायचं?"

"आणि विचारलं तर?"

आजोबा हात धुवायला उठले. पुढचे तीन महिने घरात हा विषय निघाला की कुणीतरी उठून जायचं. कंपनीनं तिला कामावरून काढलं नाही, पण टेबलही दिलं नाही. ती रोज खिदिरपूरला जाऊन कचेरीतल्या बाकावर बसायची आणि पाच वाजता परत यायची. रामसुमेर कोठडीत होता. जामीन राहायला कुणी नव्हतं.

फेब्रुवारीत अलीपूरच्या कोर्टात तिची साक्ष झाली. माझे वडील मागच्या बाकावर होते. पुढचं सगळं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर ती पेटी ठेवली होती. पिंजऱ्यात रामसुमेर उभा होता, दाढी वाढलेली. बागचीबाबूंची साक्ष आधीच झाली होती, आणि यंत्र बिघडल्याचं त्यांनी सांगितलं होतं.

घोषालच्या प्रश्नांना तिनं सावकाश, नीट उत्तरं दिली. मग सरकारी वकील उठले. वयस्क गृहस्थ, आवाज न चढवणारे.

"या यंत्रातले केस कारखान्यातले आहेत का?"

"नाही. माझे आहेत."

कोर्टात हसू उमटलं. मॅजिस्ट्रेटनी मान वर केली आणि ते थांबलं.

"म्हणजे साक्षही तुमचीच आणि पुरावाही तुमच्याच डोक्याचा," वकील म्हणाले. "हे केस खरं बोलतात, हे कोर्टानं कशावरून मानायचं?"

आत्यानं मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं. "दाखवू का?"

त्यांनी मान हलवली. तिनं पेटीचं काचेचं दार उघडलं, वाकून केसांवर हळूच श्वास सोडला. खालची निब थरथरली आणि कागदावर चढत गेली. मॅजिस्ट्रेट पुढे झुकून बघत होते. ती बाजूला झाली. अर्ध्या मिनिटात निब उतरू लागली.

"श्वास कळतो हे मान्य," सरकारी वकील म्हणाले. "पण तो बरोबर कळतो का? मिस कोपरकर, तीन नोव्हेंबरला, मंगळवारी, या यंत्राबद्दल तुम्हाला स्वतःला शंका आली होती की नाही?"

वडील सांगत, घोषालनं तेव्हा डोळे मिटले. 'आठवत नाही' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कागद टेबलावर होता. रेघा कुणाला पुसता येणार नव्हत्या.

"आली होती," आत्या म्हणाली.

"तसं तुम्ही मॅनेजरना म्हणालात?"

"त्यांनी विचारलं, आणि मी नाही म्हटलं नाही. वहीत लिहून ठेवलंय." तिनं पिशवीतून वही काढून पुढे केली. "मंगळवारचं पान वाचलंत तर बुधवारचंही वाचा."

वकिलांनी पान उलटलं. त्यांना अपेक्षित नव्हतं ते तिथे होतं: तासातासाचे आकडे, दोन्ही थर्मामीटरांचे, यंत्राचे, दोघांतल्या फरकाचे. मॅजिस्ट्रेटनी वही मागून घेतली आणि बराच वेळ वाचली.

"म्हणजे बुधवारी दुपारी साडेचारला," त्यांनी स्वतः विचारलं, "यंत्र बरोबर आहे याची तुम्हाला खात्री झाली होती?"

"हो."

"थप्पी तापतेय हे तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"साहेब नव्हते. मी घरी गेले." तिचा आवाज इतका खाली गेला की कारकुनानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, "मी घरी गेले. यंत्राची चूक नव्हती. मी उशीर केला."

निकाल एप्रिलमध्ये लागला. आग थप्पीच्या आतून, दोन-तीन दिवस आधीपासून धुमसत होती, असं मॅजिस्ट्रेटनी मानलं आणि रामसुमेरला निर्दोष सोडलं. ओला ताग ठेवून घेण्याबद्दल त्यांनी कंपनीवर चार कडक वाक्यं लिहिली. एक वाक्य आत्याबद्दलही होतं: साक्षीदार प्रामाणिक आहे, पण तिनं वेळीच आरडाओरडा केला असता तर एक जीव वाचता. वडिलांनी निकालपत्राची ती ओळ तिला दाखवायची टाळली. तिनं नक्कल मागवून स्वतः वाचली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात रामसुमेर तिच्यापाशी आला. युनियनची माणसं त्याच्या गळ्यात हार घालत होती, त्यानं तो काढून हातात धरला होता. आत्याला वाटलं, तो आभार मानेल. तिला ते नको होतं.

"दीदी," तो म्हणाला, "बुधवार को आपने हमको क्यों नहीं बोला?"

दरवानाला सांगावं हे तिला सुचलंच नव्हतं. बुधवारी साडेचारला ती त्याच्यासमोरून फाटकाबाहेर पडली होती. त्यानं रोजच्यासारखा नमस्कारही केला होता.

"लोकनाथ को बुखार था," रामसुमेर पुढे म्हणाला. "बुधवार को बोला, रामसुमेरभाई, पीछे गाँठ में पीठ लगा के सोने से आराम है, गरम रहता है. हम समझे, बुखार में ऐसा लगता होगा." त्यानं हाराकडे पाहिलं. "आप पूछतीं तो हम बता देते. हम पूछते तो आप बता देतीं."

मग तो सियालदहकडे, एका गाववाल्याच्या खोलीवर गेला, आणि ती माझ्या वडिलांबरोबर ट्रामनं घरी आली. नंतर तिनं युनियनकडून पत्ता मिळवून लोकनाथच्या घरी पत्र लिहिलं. वाचून दाखवणारा कुणी भेटेल म्हणून इंग्रजीतही लिहिलं, हिंदीतही. उत्तर आलं नाही.

कंपनीतली नोकरी तिनं सोडली. दोन वर्षं बालीगंजच्या एका मुलींच्या शाळेत शिकवलं. छप्पन्न साली ती पुन्हा खिदिरपूरला गेली, चहाच्या एका गुदामात, तशाच यंत्रावर. आजोबांनी विरोध केला. तिनं ऐकलं नाही. पहिल्याच दिवशी तिनं गुदामातल्या सगळ्यांना, झाडूवाल्यापासून मुकादमापर्यंत, यंत्रासमोर उभं करून रेघा कशा वाचायच्या ते समजावलं. मॅनेजरला ते आवडलं नाही.

अठ्ठावन्न सालची एक संध्याकाळ मला आठवते. मी तेव्हा सहा वर्षांची होते. आत्या उशिरा घरी आली आणि पाटावर बसतानाच सांगू लागली, की आज तिनं बोटीत माल चढवणं थांबवलं. दमटपणाची रेघ सकाळी एकदम वर गेली होती. ती आधी ओरडली, घंटा वाजवली, धक्क्यावर धावत जाऊन कुलींना थांबवलं. चारशे पेट्या उघडल्या. एकूण एक कोरडी होती. निबेच्या सांध्यात शाई वाळून बसली होती, एवढंच. मॅनेजर सगळ्यांसमोर वाटेल ते बोलला, आणि मुकादम तोंडावर हात ठेवून हसत होता.

आजोबांनी विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना," आत्या म्हणाली, आणि आणखी भातासाठी तिनं आईसमोर ताट धरलं.